कशेळी करायची का?

परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले होते, तेवढ्यात फोन टुणकन वाजला. फोटो आला होता. एक गुडघा, त्यावर माती, मातीतून डोकावणारं थोडं लाल. खाली एकच शब्द, ‘कशेळी?’ मी चष्मा शोधला, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि लिहिलं, ‘नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धू. आणि आधी जखम धुवायची असते, फोटो नंतर काढायचा असतो.’ पलीकडून हात जोडल्याची चार चित्रं आली. ज्या बाईने हा फोटो पाठवला, तिचा गुडघाही लहानपणी मीच धुतला होता आणि तेव्हा तिने मला लाथ मारली होती.

हा शब्द बाहेरच्या वाचकांना समजावून सांगायला हवा. भिवंडीहून ठाण्याकडे जाताना खाडी लागते. खाडीच्या काठी कशेळी गाव आणि तिथेच पूल. पूल ओलांडला की ठाणं, म्हणजे मोठी इस्पितळं, फोटो काढायची यंत्रं, लहान मुलांचे सर्जन. भिवंडीत दवाखाने नाहीत असं नाही, चांगले आहेत. पण डोक्याचं किंवा पोटाचं मोठं काम वाटलं की आमच्या पट्ट्यातली माणसं ठाण्याकडे धावतात. धावतात म्हणजे काय, कंटेनरच्या मागे उभी राहतात. पूर्णा, वळ, आजूबाजूची सगळी गावं आता गोदामांची झाली आहेत. जिथे भाताची खाचरं होती तिथे निळे पत्रे आहेत, आणि त्या पत्र्यांखालचा सगळा माल त्याच रस्त्याने जातो. त्यामुळे पोराला ठाण्याला न्यायचं की नाही, हा आमच्याकडे नुसता वैद्यकीय प्रश्न नव्हता. ‘कशेळी करणे’ हे आमच्या गावात एक क्रियापदच झालं होतं. ‘बाई, कशेली करायची क?’ एवढं विचारलं की सगळं विचारून झालं. नव्याने बदलून आलेल्या एका डॉक्टरांना बिचाऱ्यांना वाटलं, कशेळी म्हणजे इथला एखादा झाडपाल्याचा उपचार असावा. त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, ‘सिस्टर, कशेळी नेमकी कशाची करतात?’

मी वळच्या अलीकडच्या एका गावात उपकेंद्रावर नर्स होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओटा, एक आंब्याचं झाड आणि मी. माझं काम लसीकरणाचं, गरोदर बायकांचं, तापाच्या गोळ्यांचं. पडलेली पोरं हे काही माझं खरं काम नव्हे. पण सकाळी शाळा भरली की एक, मधली सुट्टी झाली की दोन, आणि संध्याकाळी गोदामांच्या रिकाम्या रस्त्यावर सायकली निघाल्या की विचारू नका. माझ्या ओट्यावर कुणी रडत बसलेलं नाही असा दिवस मला आठवत नाही. घरी आता इतकी शांतता असते की कधी कधी खालच्या मजल्यावरचं पोर पडून ओरडलं की मला बरं वाटतं. असं म्हणू नये, पण वाटतं खरं.

या धंद्यातली पहिली गोष्ट म्हणजे जखमेकडे आधी बघायचं नाही. आयांना हे अजिबात पटायचं नाही. त्या पदर बाजूला करून ती जखम माझ्या नाकासमोर धरायच्या आणि मी मात्र पोराच्या चेहऱ्याकडे बघत उभी. कसं आलं? चालत आलं की खांद्यावर? मला बघून आईला बिलगलं का? माझ्या टेबलाच्या खणात बिस्किटाचा पुडा असायचा. बिस्किट द्यायचं नाही, नुसतं दाखवायचं, कारण मोठ्या दवाखान्यात जायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. दाखवलं आणि पोराने रडणं अर्धवट टाकून हात पुढे केला, की माझं निम्मं काम झालेलं असे. ‘बाई बिस्किट दाखवते आणि देत नाही’ अशी माझी सबंध पट्ट्यात बदनामी होती.

रक्त हे भारी खोटारडं प्रकरण आहे. डोक्याची कातडी तर विचारूच नका, बोटभर खोक पडली तरी शर्ट भिजतो. गोदामावरच्या एका उत्तर प्रदेशी रखवालदाराने आपला मुलगा दोन्ही हातांवर आडवा घालून आणला होता, आणि बाप मुलापेक्षा मोठ्याने रडत होता. ‘सिस्टरजी, पूरा खून निकल गया!’

मी म्हटलं, ‘पूरा निकल गया होता तो ये इतना चिल्लाता कैसे?’

धुऊन पाहिलं तर जखम केसांत शोधावी लागली. दहा मिनिटं कापड दाबून धरलं, रक्त थांबलं. मुलगा हसायला लागला तरी बाप काही थांबेना, शेवटी त्यालाच पाणी पाजून बसवलं. मला भीती वाटायची ती गप्प पोराची. डोक्यावर पडलं, पडल्या पडल्या रडलं नाही, मग सुस्तावलं, पुन्हा पुन्हा उलटी केली, हाक मारल्यावर भलतीकडेच बघायला लागलं, की बाहेरून ओरखडा नसला तरी मी विचारत बसायची नाही. रिक्षा, टेम्पो, जे मिळेल त्यात घालून कशेळी.

दुसरी गोष्ट शिकायला मला काही वर्षं लागली. कोण सांगतंय, त्यावर ‘किती लागलं’ हे ठरतं. आमच्या गावातल्या बायका, भातशेती आणि खाडीवर वाढलेल्या, आवाज खणखणीत. ‘बाई गो, पोर मेला माझा!’ असं ओरडत कोणी आलं की मी ओळखायचे, कोपर खरचटलंय. उलट डोंगराकडच्या पाड्यावरून मजुरीला आलेल्या बायका. त्यातली एक आई वीटभट्टीवरून चालत आली, कडेवर मुलगा. दारात उभी राहिली, आत येईना. मी विचारलं तेव्हा म्हणाली, ‘जास्ती न्हाय बाई. थोडासाच भाजलाय.’ मी पाऊल पाहिलं. गरम राखेत पाय गेला होता, बोटं एकमेकांना चिकटायला लागली होती. मी गाडी पाहून दिली, चिठ्ठी दिली, ती ठाण्याला पोचलीही. पण पुढच्या पट्ट्या बदलायला जायचं तर मागे दोन लहान पोरं आणि भट्टीचं काम, कोण सांभाळणार? पाऊल बरं झालं, बोटं सुटी झाली नाहीत. तो मुलगा आता इथल्याच एका गोदामात कामाला आहे. बूट घालतो, कोणाला कळत नाही. मला रस्त्यात भेटला की ‘बाई, बऱ्या हाव ना?’ म्हणून हसतो, आणि माझं लक्ष त्याच्या पायांकडे जातं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून ‘कशेळी’ म्हटलं की त्याच दमात मी विचारायला लागले, ‘नेणार कोण आणि मागे बघणार कोण?’

हा प्रश्न मला सगळ्यात अवघड गेला तो एका हळदीच्या दिवशी.

आमच्याकडची हळद ज्याने पाहिली नाही त्याला काय सांगणार. लग्न एकवेळ साधं होईल, हळद होणार नाही. अख्खं गाव जेवायला, मांडवात स्टेज, डीजेच्या भिंती, आणि दुपारपासूनच पुरुषमंडळी रंगात. त्या दिवशी हळद होती रोशनची. रोशन म्हणजे हिराआईचा धाकटा मुलगा. हिराआई ही गावातली मानाची म्हातारी. कोणाचं बाळंतपण असो, बाळाला तेल-पाणी घालायला तीच. तिचा हात फार चांगला. कोणाचं पोट दुखलं की ती ‘बेंबी सरकली’ म्हणायची आणि कोमट तेलाने चोळून चोळून ‘बसवून’ द्यायची. साध्या पोटदुखीला पोरं त्याने खरंच गप्प व्हायची, त्यामुळे मीही कधी आडवी गेले नाही. तिचं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

मी बरी साडी नेसून मांडवात गेले. रोशन पाटावर बसलेला, अंगावर बनियन आणि लुंगी, कपाळापासून तळव्यापर्यंत पिवळाजर्द. बायकांची गाणी चालली होती. स्टेजवर पोरी नाचाची तालीम करत होत्या, त्यात मधोमध परी. परी म्हणजे रोशनच्या थोरल्या भावाची मुलगी, आठेक वर्षांची, काकाची अतिशय लाडकी. महिनाभर तिने घरादाराला तो नाच दाखवून छळलं होतं. नवा घागरा, केसांत गजरा. मी कौतुकाने बघत उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं, सगळ्या पोरींचे दोन्ही हात वर जातायत आणि परीचा एकच जातोय. डावा हात ती उचलतच नव्हती. मध्येच थांबली, वाकली, पुन्हा नाचायला लागली.

तिची आई प्रणाली माझ्याकडेच येत होती. ‘बाई, बरं झालं आलात. परी सकाळपासून काही खात नाही, पोटात दुखतंय म्हणते. सासूबाई म्हणतात बेंबी सरकलीय. त्या तेल गरम करतायत.’

मी परीला खाली बोलावलं. ‘काय गं, कुठे पडलीस?’

‘कुठे न्हाय.’

‘खोटं बोललीस तर नाक वाकडं होईल.’

‘न्हाय परली मी!’

डोळ्यात पाणी, पण रडेना. ती का लपवते आहे हे उघड होतं. पडले म्हणून सांगितलं तर मोठी माणसं नाचू देणार नाहीत. शेवटी तिची मैत्रीण फुटली. सकाळी गोदामाच्या उतारावर परीने दादाची मोठी सायकल घेतली, खड्ड्यात चाक गेलं, आणि ती हँडलच्या टोकावर पोटावर आपटली. पण लगेच उठली, कपडे झटकले आणि कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली.

मी तिला आतल्या खोलीत नेलं, चोळी थोडी वर केली. डाव्या बाजूला बरगड्यांच्या खाली एक गोल वण उठला होता, बांगडीपेक्षाही लहान. रक्त नाही, खरचटलेलंही नाही. कोणीही म्हणालं असतं, एवढंच ना? मी हळूच बोट टेकवलं तर तिने श्वास रोखला. नाडी धावत होती. ‘अजून कुठे दुखतं?’ तर म्हणाली, ‘खांद्याला.’ डावा खांदा. खांद्यावर तर ती पडलीच नव्हती.

एका प्रशिक्षणात एका सर्जनने आम्हाला सांगितलं होतं, मार पोटाला आणि दुखतोय डावा खांदा, तर आत रक्त साचत असेल असं समजा. तिथे बरगड्यांखाली पाणथरी, म्हणजे प्लीहा, असते. ती फाटली तर बाहेर थेंब दिसत नाही. असं पोट चोळणं म्हणजे फाटलेली पिशवी दाबणं. सगळ्या नोकरीत मला असं पोर एकदाही दिसलं नव्हतं. त्यामुळे मला खात्री होती असं मी म्हणणार नाही. पण भीती मात्र पक्की होती.

वळून पाहिलं तर दारात हिराआई, हातात तेलाची वाटी, बाह्या सरसावलेल्या. ‘सरक बाई, मी बसवतंय. आता नाचाया लागंल.’

‘आई, पोटाला हात लावायचा नाही. कशेळी करायची आहे.’

ती हसली. तिला वाटलं मी थट्टा करते. ‘आज? हलदीच्या दिवशी? या एवढ्याशा वणाला?’

तेवढ्यात खोलीत दहा बायका जमल्या आणि प्रत्येकीला मत होतं. कोणी म्हणालं लिंबू-सोडा द्या, कोणी म्हणालं दृष्ट लागली, घागरा केवढा नवा. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. चालक सज्जन होता, म्हणाला, ‘मॅडम, मी येतो, पण पुलाच्या पलीकडे अडकलोय, पुढे काहीच हलत नाही.’ परीचा बाप जनरेटर आणायला कल्याणला गेलेला. दारात तीन गाड्या उभ्या होत्या, पण त्या चालवतील असे सगळे पुरुष दुपारपासून ‘बसलेले’. मी एकेकाचं तोंड हुंगून पाहिलं, खोटं सांगत नाही. त्या सबंध घरात शुद्धीवर असलेला आणि गाडी चालवता येणारा एकच पुरुष होता, तो पाटावर बसला होता.

रोशन आपणहून उठून आत आला. ‘चावी द्या,’ म्हणाला.

आमच्याकडे हळद लागलेला नवरदेव गावाची शीव ओलांडत नाही. ओलांडली तर काय होतं हे कोणी स्पष्ट बोलत नाही, बोलणंही अभद्र समजतात. हिराआईने दोन्ही हात दारावर आडवे लावले. ‘न्हाय. हलद लागलेला नवरा शीव वलांडत न्हाय. बाई, तुझं ऐकून मी एका पोरीपायी माझा पोरगा घालवू?’

मी चुकले असते, तर हळद मोडली म्हणून त्या घराने मला जन्मात माफ केलं नसतं, आणि उद्या त्या नवऱ्याला साधा ताप आला तरी तो माझ्या नावावर गेला असता. बरोबर असले आणि गप्प बसले असते तर परी. मी एरवी आयांवर ओरडणारी बाई. त्या दिवशी ओरडले नाही. हिराआईचा हात धरला आणि म्हटलं, ‘आई, माझं ऐकू नका. तुम्ही इतकी पोरं हाताळलीत. पोटाला लावू नका, तिच्या कपाळाला हात लावून बघा, आणि मग सांगा.’

तिने वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि परीच्या कपाळावर ठेवला. मग गालावर. मग तळव्यांवर. मांडवातल्या उकाड्यात आम्ही सगळ्या घामाने निथळत होतो, आणि त्या पोरीचा घाम गार होता. हिराआईचं तोंड बघता बघता उतरलं.

‘पोर थंड परली गो,’ ती म्हणाली. मग उठली. नवरदेवाच्या हातात द्यायची, टोकाला लिंबू खोचलेली सुरी पाटाशेजारी ठेवलेली असते, ती आणली आणि रोशनच्या मुठीत कोंबली. ‘ही सोरू नको हातातून. जा तू. हलदीचं मी बघतंय.’

गाडीत मागे परीला आडवं करून तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. प्रणाली पायाशी. रोशन पुढे, एका हातात स्टिअरिंग आणि त्याच हाताच्या बोटांत ती सुरी, कारण आईने सोडू नको सांगितलं होतं. परी मला हळू आवाजात विचारत होती, ‘बाई, नाचाच्या टायमाला येऊ ना आपन?’ मी ‘हो’ म्हटलं आणि तिची नाडी मोजत राहिले. ती कमी होत नव्हती.

कशेळीच्या अलीकडे सगळं ठप्प. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला कंटेनर. रोशनने दोनदा हॉर्न वाजवला, मग दार उघडून खाली उतरला. मी काचेतून बघत होते. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा माणूस, बनियन, लुंगी, अनवाणी, हातात सुरी, सुरीवर लिंबू, आणि तो एका भल्यामोठ्या ट्रकच्या दारावर थापा मारतोय. ट्रकवाल्याने वरून डोकावून पाहिलं, तोंड उघडंच राहिलं.

‘क्या रे दूल्हे, शादी से भाग रहा है क्या?’

‘भाईसाब, गाडी में बच्ची है! पेट में लगा है, बच्ची सीरियस है!’

तो दाढीवाला माणूस एका झटक्यात खाली उतरला. मला वाटतं, नुसती रडारड त्याने रोज पाहिली असेल, पण लग्न टाकून आलेला नवरा पाहिला नसेल. ‘अरे हटाओ रे! दूल्हा आया है, बच्ची को लेके! पीछे ले, पीछे ले!’ त्याने पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला. अवाढव्य गाड्या भोंगे वाजवत, तिरक्या होत, इंचाइंचाने सरकायला लागल्या. रोशन त्यांच्यापुढे चालत होता, सुरीने वाट दाखवत, आणि आमची गाडी एक अनोळखी क्लीनर चालवत होता, जो कधी आत येऊन बसला हे मला कळलंही नाही. पूल संपल्यावर तो उतरला, परीच्या केसांवरून हात फिरवला आणि निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहिलं.

इस्पितळाच्या दारात रखवालदाराने साहजिकच सुरी बघून अडवलं. रोशन सुरी देईना, तो आत सोडेना. शेवटी लिंबू रोशनच्या मुठीत आणि सुरी रखवालदाराच्या टेबलावर, अशी तडजोड झाली. आत ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होता. मी परीला पुढे करायच्या आत त्याने रोशनकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, ‘यांना कावीळ कधीपासून आहे?’ त्या अवस्थेतही प्रणालीला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली.

मी सांगितलं. हँडल, गोल वण, डावा खांदा, गार घाम. त्या पोराचा चेहरा लगेच बदलला. त्याने एकही प्रश्न फुकट विचारला नाही. आत नेलं, सोनोग्राफी झाली, वरिष्ठ डॉक्टरीणबाई आल्या. पाणथरी फाटली होती, पोटात रक्त साचत होतं. रक्त चढवायला सुरुवात झाली. ऑपरेशन लागेल की नाही ते लगेच सांगता येईना. बऱ्याचदा आपोआप थांबतं, फक्त पोरीने हलता कामा नये आणि कोणीतरी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं.

‘पोट कोणी चोळलं, दाबलं नाही ना?’ डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

‘नाही,’ मी म्हटलं.

आम्ही बाकावर बसून राहिलो. रोशन जिथे टेकला तिथे बाक पिवळा झाला. सफाईवाल्या मावशी रागावल्या, मग कशासाठी आलोय ते कळल्यावर त्यांनी त्याला चहा आणून दिला. संध्याकाळ व्हायच्या सुमाराला परीचा बाप धापा टाकत पोचला, आणि त्याच्या मागोमाग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. नाडी खाली आली होती, रक्तदाब सुधारला होता, पोट वाढत नव्हतं. ‘धोका टळला असं आजच म्हणणार नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण लक्षणं चांगली आहेत. वेळेत आणलीत.’ रोशनला दोन मिनिटं आत जाऊ दिलं. परीने त्याला पहिला प्रश्न काय विचारावा? ‘माझा नाच कोन करतंय?’ तो म्हणाला, ‘कोणी न्हाय करत. तुझी जागा रिकामी ठेवणार हाय.’

बापाला आणि प्रणालीला तिथे ठेवून, रखवालदाराकडची सुरी परत घेऊन मी आणि रोशन परतलो. गावात शिरताना मी कान देऊन होते. डीजे बंद होता. मांडवात रंगीत माळा लागलेल्या, पानं मांडलेली, आणि सबंध गाव न जेवता गप्प बसलेलं. प्रणालीने फोनवर सगळं कळवलं होतं, तरी एवढी माणसं आमच्या तोंडाकडे बघत होती. हिराआई रोशनच्या रिकाम्या पाटाशेजारी बसली होती. त्याला बघून तिने कानशिलावर बोटं मोडली, अंगावरून हात फिरवला. मग मला जवळ बोलावलं.

‘बाई, खरा सांग. मी चोललं असतं तं?’

आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. उत्तर मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं, तर ते देणं माझं कामच होतं, कारण गावात उद्या दुसरं एखादं पोर पोटावर पडणारच होतं. मी खाली तिच्या हातांकडे पाहिलं. माझी मुलगी मुक्ता तीन दिवसांची होती तेव्हा याच हातांनी तिला पहिल्यांदा पाणी घातलं होतं; माझी आई नव्हती, मला बाळ धरायलाही भीती वाटत होती.

‘आई,’ शेवटी मी म्हटलं, ‘तुमच्या हाताने कपाळ पाहिलंत, म्हणून पोर वाचली.’

मी काय बोलले ते तिने ऐकलं आणि काय बोलले नाही तेही ऐकलं. ‘बरा,’ ती म्हणाली, ‘आता पोरांचा पोट तुझा. माझ्याकडं निस्ता डोक्याचा तेल.’ मग उभी राहिली, डोळे पुसले नाहीत, तशीच मांडवाच्या टोकाकडे वळून ओरडली, ‘बसलाव काय रं मेल्यांनो! पोर बरी हाय माझी! वाजवा!’

डीजे असा काही सुरू झाला की जमीन हादरली. पोरं उठली, बायका उठल्या, रोशनला उचलून पाटावर बसवलं. हिराआईने मला गच्च मिठी मारली, आणि त्या आवाजात आम्ही दोघी ढसाढसा रडलो, कोणाला ऐकू गेलं नाही.